चष्म्यासकट शनी

समोरच्या माणसाच्या नाकावरचा चष्मा न विचारता काढून घेणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. गडचिरोलीच्या वाचनालयात रुजू होऊन मला आठवडाही झाला नव्हता. टेबलासमोर एक उंच, किडकिडीत गृहस्थ येऊन उभे राहिले. पुस्तकाचं नाव सांगण्याऐवजी त्यांनी दोन्ही हातांनी अलगद माझा चष्मा उतरवला, खिडकीच्या गजांकडे धरून काच गोल फिरवली आणि म्हणाले, "उजव्या डोळ्यात तिरपं हाय तुमच्या. कोनं काढला नंबर? बरोबर काढला." मग खिशातल्या मलमलीच्या तुकड्याने काचा पुसून चष्मा परत माझ्या नाकावर बसवला. मधल्या वेळात मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. पुन्हा दिसला तेव्हा तो हसत होता.

"आता सांगा भाऊ, आकाशावरचं काई हाय का तुमच्या कपाटात?"

जिल्हा नवा होता, वाचनालयही नवं होतं. आकाशावरची दोन पुस्तकं निघाली. दोन्ही त्यांनी वाचलेली होती. तरी त्यांनी एक नेलं. रिकाम्या हाताने परत गेले तर मला वाईट वाटेल म्हणून ते नेलं असावं, असं पुढे त्यांची ओळख झाल्यावर मला वाटलं.

यंदाच्या हिवाळ्यात ते गेल्याचं कळलं, तेव्हा मी चष्मा काढून पुसला. त्यांच्याविषयी लिहायला बसलो की असं होतं. ठरवलेलं राहतं, हात दुसरंच काही करतात. म्हणून जसं आठवेल तसं लिहितो आहे.

सरकारी दवाखान्यात ते डोळे तपासून चष्म्याचे नंबर काढत. लोक त्यांना डॉक्टर म्हणत आणि ते दर वेळी दुरुस्ती करत, "डॉक्टर आत बसले हायेत. मी चष्मेवाला." लोक मान डोलावत आणि पुन्हा डॉक्टरच म्हणत. हिवाळ्यात मोतीबिंदूची शिबिरं भरली की ते महिना महिना फिरतीवर असायचे. शाळेच्या वर्गात सतरंजीवर ओळीने निजवलेली, डोळ्यांना पट्ट्या बांधलेली माणसं, आणि त्यांच्यामधून वाकून फिरणारे हे. आंधळी होत चाललेली म्हातारी माणसं त्यांचा आवाज ऐकूनच गप्प होत, बरं वाटल्यासारखी.

तपासताना त्यांचा एक नियम होता. "दिसते का?" असं ते कधीही विचारत नसत. आमच्या भागातल्या बहुतेक रोग्यांना अक्षरं वाचता येत नव्हती. त्यांच्यासाठी भिंतीवर एक तक्ता असायचा. त्यावर तीन दात्यांची एकच खूण, कुठे दाते वर, कुठे खाली, कुठे डावीकडे. रोग्याने दाते ज्या बाजूला असतील तिकडे बोट करायचं. "भाऊ, माणूस भिडस्त असते," ते मला सांगत. "समोर साहेब उभा हाय म्हटलं की त्याले आंधळेपनीबी दिसते. म्हनून शब्द नाई धरायचा. बोट धरायचं."

संध्याकाळी हाच माणूस वेगळा असे. घराच्या मागे अंगण होतं, कुंपणाजवळ एक सागाचं झाड आणि अंगणाच्या मधोमध त्यांची दुर्बीण. आरसा त्यांनी स्वतः घासून तयार केला होता. नळी पाण्याच्या पाइपाची, बैठक सागवानाची. रस्त्यावरच्या खांबाचा दिवा नेमका कुंपणावर पडायचा आणि त्या दिव्याशी त्यांचं वैर होतं. वीज गेली की गावात सगळीकडून चुकचुकणं ऐकू येई आणि त्यांच्या अंगणातून, "वा! आता या रे सारे!" शेजारच्या बाया हसायच्या. "डॉक्टरच्या घरी लाइन गेली की दिवाळी," असं म्हणायच्या.

घरात ते आणि त्यांची मोठी बहीण, दोघंच. त्यांनी लग्न केलं नव्हतं. आई लहानपणीच गेलेली. बहिणीने धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, रोवणी करून त्यांना शिकवलं होतं. तिला ते बाई म्हणत आणि ती त्यांना बापू. मीही तिला बाईच म्हणू लागलो. बाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण घरात शब्द त्यांचा चाले. शनी पाहायला बोलावलं की शेजारच्या एक-दोन बाया कचरत. साडेसाती मागे लागेल अशी भीती. तेव्हा बाई त्यांना दटावत. "आमच्या घरी छप्पन सालापासून शनी फक्त गोळा हाय. पाहा बिनधास्त." छप्पन साली चंद्रपूरला बौद्ध धम्माची दीक्षा झाली तेव्हा त्या ऐन तरुण होत्या. तो दिवस त्या कधी सविस्तर सांगत नसत, पण छप्पन हा आकडा त्यांच्या बोलण्यात घराच्या उंबरठ्यासारखा होता. सगळं एक तर त्याच्या आधीचं, नाही तर नंतरचं.

आता त्यांच्या खऱ्या वेडाविषयी सांगायला हवं. दुर्बिणीत ज्या काचेला डोळा लावायचा, तिला आयपीस म्हणतात. साध्या आयपीसमध्ये डोळा इतका जवळ न्यावा लागतो की पापण्या काचेला घासतात. चष्मेवाल्याला तर मधे चष्मा असतो, त्याला कडेचं काही दिसत नाही. मग लोक सांगतात, चष्मा काढा. जवळचा-लांबचा नंबर असेल तर काच पुढेमागे करून जुळवता येतो. तिरपा, म्हणजे सिलिंडरचा, नंबर असेल तर नाही जुळत. त्याला चष्माच लागतो. आणि शिबिरातून बरे होऊन आलेल्या प्रत्येक म्हाताऱ्याच्या डोळ्यात टाक्यांमुळे थोडाफार तिरपेपणा राहतोच.

दुर्बिणीपाशी येऊन कुणी सवयीने चष्म्याला हात घातला की ते ओरडत, "काढू नोका! चष्मा म्हंजे चप्पल हाय का, बाहेर काढून ठेवाले?"

नागपूरच्या कबाडी बाजारात त्यांना एक आयपीस मिळाला होता. कुठल्याशा जुन्या तोफेवरच्या दुर्बिणीचा. तोफ उडाली की मागे झटका बसतो. डोळा टेकवून बसणाऱ्याचा डोळाच जायचा. म्हणून त्या काचेतून लांबूनच दिसावं अशी सोय केलेली. ती पितळी, जड वस्तू हातात तोलत ते म्हणाले होते, "लढाईवाल्यानं जवानाच्या डोळ्याची काळजी केली अन् पाहा, कोनाच्या कामी पडून राह्यली. आमच्या म्हाताऱ्या बायांच्या!"

त्यात एक उणं होतं. त्या आयपीसमधून शनी फार मोठा दिसत नसे. बल्लारपूरहून मोटारसायकलवर एक इंजिनियर मित्र येत. त्यांनाही हाच नाद. त्यांच्याकडे आखूड, ताकदीचा आयपीस होता. ते वाकून पाहत आणि म्हणत, "अहो, हा शनी आहे की मोहरी?"

"तुमचा मोठा हाय," हे शांतपणे म्हणत. "पन तो पाहाले आधी पापणी छाटा लागते."

मला मात्र त्यांच्या आयपीसमधून सुरेख दिसायचं. गोळा, त्याच्याभोवती वेगळं सुटलेलं कडं, दोघांच्या मधला काळा पोकळ भाग. लहान, पण कोरल्यासारखं. मला ते इतकं सहज दिसे की इतरांना कसं दिसतं हा विचार माझ्या मनात आला नाही. त्यांच्याही आला नाही. दिवसभर कुणाच्या शब्दावर विश्वास न ठेवणारा हा माणूस संध्याकाळी अंगणात प्रत्येकाला विचारायचा, "दिसलं का?" आणि "दिसलं" म्हटलं की लहान मुलासारखा खुलायचा.

एका हिवाळ्यात त्यांनी बाईंनाच शिबिरात नेलं. एक डोळा आधीच गेलेला होता, दुसऱ्याचं ऑपरेशन झालं. बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा आला. उन्हाळ्यात, तेंदूपत्त्याच्या दिवसांत, शनी दिवेलागणीनंतर आग्नेयेला चांगला वर येऊ लागला, तेव्हा त्यांनी बाईंना स्टुलावर बसवून दाखवला. मी तिथे होतो. बाईंनी चष्मा काचेवर टक्‌ करून टेकवला, थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "दिसलं बापू." ते त्या संध्याकाळी दोनदा जेवले, असं बाई नंतर सांगत.

पुढचे कित्येक महिने ही गोष्ट ते येईल त्याला सांगत होते. शिबिरात ऑपरेशनला भिणाऱ्या म्हातारीला सांगत, "अवं, माह्या बाईनं शनीचं कडं पाह्यलं या वयात. तुले त नातवाचं तोंडच पाहाचं हाय."

मग बाईंच्या त्याच डोळ्यात काचबिंदू निघाला. त्यांनीच तो पहिल्यांदा ओळखला. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की गेलेलं परत येत नाही. थेंबांनी जाणं थोडं लांबेल एवढंच. नजर कडेकडून मिटत येते, मधलं सगळ्यात शेवटी जातं. मला हे सांगताना ते नेहमीसारखेच सावकाश बोलत होते. शेवटी म्हणाले, "एक बरं झालं भाऊ. आधीच पाहून घेतलं तिनं."

त्यानंतरच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराचा एक मुनीम अंगणात आला होता. बोलका, जाडजूड माणूस. चष्मा नव्हता. स्टुलावर चढताना त्याने आधारासाठी नळीवर हात टाकला. मी ते पाहिलं, पण त्याचा अर्थ मला लागला नाही. त्याने डोळा लावला आणि लगेच म्हणाला, "वा डॉक्टर साहेब, वा! काय कडं हाय! चांदीच्या तोरडीवानी!"

"डोळा मधात आना थोडा. आता?"

"आता त अजून भारी!"

मुनीम उतरला, पुढचा माणूस चढायच्या आधी जुळवून घ्यावं म्हणून हे वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. मग त्यांनी मला हाताने बोलावलं. मी पाहिलं. आत खांबाच्या दिव्यात पिवळट पडलेलं, धुरकट असं काहीतरी होतं. मुनिमाच्या वजनाने नळी खाली घसरली होती आणि आम्ही कुंपणाजवळच्या सागाच्या पानांकडे पाहत होतो.

मुनीम तिकडे बाईंकडून पाणी घेऊन पीत होता आणि शनीचं वर्णन करत होता. ते त्याला काही बोलले नाहीत. उलट जाताना फाटकापर्यंत पोचवायला गेले. परत आल्यावर बाकीच्यांना म्हणाले, "आज धूळ हाय. उद्या या." आकाश स्वच्छ होतं.

नंतरचे चार-पाच दिवस ते वाचनालयात आले नाहीत. मी गेलो तेव्हा दुर्बिणीवर गोणपाट टाकलेलं होतं. ते ओट्यावर बसले होते आणि बाई आत चिंच फोडत होत्या. चिंचोके डब्यात पडल्याचा आवाज येत होता. मी बसलो. मग त्यांनी माझ्याकडे न पाहता आत विचारलं,

"बाई, मांगच्या सालचं खरं सांग. शनी दिसला होता का तुले?"

चिंचोक्यांचा आवाज थांबला. "काऊन? कोनी काई म्हटलं का?"

"कोनी नाई म्हटलं. मी इचारून राह्यलो."

"दिसला होता ना. काळा काळा."

"काळा?"

"हो. काळं काळं इकडून तिकडं फिरून राह्यलं होतं. शनी काळा असते म्हनत होते ना लोकं आधी. मले वाटलं हाच असन."

ते उठून दारात गेले. "अन् कडं?"

"कडं नाई दिसलं बा." चिंचोका पुन्हा डब्यात पडला. "तू सकाळपासून जेवला नव्हतास. दिसलं म्हटलं त हात धुवाले उठलास. मंग मी कडं कुठी हाय म्हनून कशाले इचारू?"

मला वाटलं ते चिडतील किंवा हसतील. त्यांनी यातलं काही केलं नाही. ते परत येऊन बसले आणि मला म्हणाले, "ती खोटं नाई बोलली. जे दिसलं ते सांगितलं. मीच बोट धरलं नाई." मग आवाज अगदी खाली आणून, "भाऊ, आता तिले मधातलंच दिसते. पुढच्या उन्हाळ्यात तेबी राहते का नाई, मालूम नाई."

जूनचे ढग यायला थोडेच दिवस होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मला दुर्बिणीपाशी बसवलं. "तुम्ही पाहा. हलू नोका. दिसते?" आणि मग स्वतःच जीभ चावून, "कडं कोन्या बाजूले कललं, हातानं दाखवा." मी हात तिरका धरून दाखवला. त्यांनी माझा चष्मा आणि आयपीस यांच्यामध्ये आपली बोटं घातली. दोन बोटं सहज मावली.

"इतक्या लांबून काऊन पाहता तुम्ही?"

मी खरं कारण सांगितलं. चष्म्याच्या काचेला चरा पडेल या भीतीने मी पहिल्या दिवसापासून अंतर राखूनच पाहत होतो.

त्यांनी मला पुढे ढकललं. चष्मा पितळेवर टेकला आणि शनी गेला. त्याच्या जागी वालाच्या दाण्यांसारख्या काळ्या सावल्या आल्या आणि मान जराशी हलली की इकडून तिकडे घसरू लागल्या. बाईंनी पाहिलेलं काय होतं ते मला तेव्हा कळलं. दुर्बीण म्हणजे डोळा टेकवायची वस्तू, हे सगळ्यांनाच माहीत होतं. ही काच मात्र लांबून पाहणाऱ्यासाठी केलेली होती. चष्मेवाल्यांना जागा मिळावी म्हणून त्यांनी ती आणली आणि चष्मेवाले ती सगळी जागा ओलांडून थेट काचेला जाऊन भिडत होते.

सकाळी ते बुरडांच्या मोहल्ल्यात गेले. मी बरोबर होतो. त्यांना बांबूचं कांडं हवं होतं, आयपीसवर घट्ट बसेल इतक्या जाडीचं, वेगवेगळ्या लांबीचे तुकडे कापलेलं. विळ्याने कापून देणारी बुरडीण म्हणाली, "डॉक्टर, बासरी करता का? इतकुशी? वाजन का हे?"

"वाजत नाई. याले डोळा लावतात."

"मंग तुमी चष्मा नीट करा लागते तुमचा," ती म्हणाली आणि तिच्या सुना खो खो हसल्या. तेही हसले. मुनीम गेल्यापासून मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहत होतो.

कांड्याला आतून कंदिलाची काजळी फासली, काठाला मलमल चिकटवली. चष्मा त्या काठावर टेकवला की डोळा बरोबर जागेवर थांबायचा. माझ्यासाठी एका लांबीचं कांडं जुळलं. बाईंचा चष्मा जाड आणि डोळ्यापासून जरा पुढे बसणारा, तर त्यांच्यासाठी आखूड लागणार होतं. पण किती आखूड, ते बाईंना बसवल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि आता पश्चिमेकडून रोज संध्याकाळी आभाळ भरून येत होतं. तीन-चार संध्याकाळी आम्ही तिघं अंगणात नुसते बसून उठलो. बाई म्हणायच्या, "जाऊ दे ना बापू. मले काय कराचं हाय त्याचं?" ते आग्नेयेकडे तोंड करून बसत.

एका संध्याकाळी ढग मधेच फाटले. त्यांनी बाईंना दंडाला धरून स्टुलावर बसवलं, कांडं बसवलं, बाईंचं डोकं दोन्ही हातांत धरून चष्मा अलगद काठावर आणला. "काई म्हनू नोको," ते म्हणाले. "घाई नाई. फक्त पाह्य."

थोड्या वेळाने त्यांनी कांडं बदललं. मग आणखी आखूड. बाई पाहत होत्या. मला वाटलं आता त्या भाऊ उपाशी आहे म्हणून काहीतरी बोलतील.

"एवढुसंच?" बाई म्हणाल्या.

ते नळी धरून उभे होते.

"बापू, एवढुशासाठी तू इतके साल जागलास? जोंधळ्याच्या दान्याएवढं हाय हे. अन् त्याले कडं. अन् तेबी वाकडं." त्यांनी डोळा न काढता हात वर केला आणि तळवा तिरका धरला. "अरे, चाललं हे! बापू, चाललं ना हे तिकडं! धर!"

ज्याला खरंच दिसतं त्यालाच शनी काचेतून सरकताना दिसतो. त्यांनी नळी हलकेच ढकलून तो पुन्हा मधे आणला. बाईंनी डोळा काढला नाही. पुन्हा सरकला, पुन्हा आणला. ढग येईपर्यंत हे चाललं. त्यांनी "दिसलं का" असं एकदाही विचारलं नाही. शेवटी आभाळ मिटलं तेव्हा ते तिथेच जमिनीवर बसले आणि हसू लागले. "एवढुसं म्हने," ते मला सांगत होते. "भाऊ, आइकलं का? इतक्या लोकायनं पाह्यलं, पन एवढुसं म्हननारी हेच पह्यली."

बाईंची नजर दिवाळीनंतर गेली. शेवटी शेवटी त्यांना दाराच्या चौकटीतला उजेड तेवढा कळे, मग तोही नाही. थेंब मात्र ते बाईंच्या डोळ्यात रोज घालत राहिले. माझी बदली होईपर्यंत मी त्या अंगणात जात होतो. लोक येत होते, कांड्यांचा एक डबाच झाला होता, आणि बाई उन्हाळ्याच्या संध्याकाळी दुर्बिणीजवळ खाटेवर बसून असत. ते आता कुणालाही काही विचारत नसत. नळी जुळवून बाजूला होत आणि वाट पाहत.

मी पाहिलेल्या शेवटच्या संध्याकाळींपैकी एका संध्याकाळी वनखात्यातला एक नवा साहेब आला होता. चष्मा होता. तो स्टुलावर बसला, वाकला आणि लगेच म्हणाला, "हो हो, दिसलं. फारच सुंदर."

"एवढ्यात?" खाटेवरून बाई म्हणाल्या. "मांगं सरका साहेब. टेकवा तिथंच थांबा. लहानसं हाय ते."

साहेबाने वळून पाहिलं. बोलणाऱ्या बाईंचे डोळे पाहून तो जरा चपापला. मग चष्मा सारखा करून पुन्हा वाकला, या वेळी हळू, आणि कांड्याच्या काठावर थांबला.

"अहो, हे सरकतंय," तो डोळा न काढता म्हणाला.